स्कॅनर, सीडी आणि निस्तार पत्रक

स्कॅनर म्हटलं की आपल्याला ऑफिसच्या कोपऱ्यातलं ते मशीन आठवतं. बटण दाबलं, पीडीएफ मेलवर, विषय संपला. नाहीच चाललं तर आयटीवाल्याला फोन! गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात एका ग्रामसभेच्या खोलीत यातलं काहीच नव्हतं. होता एक जुना पीसी. त्याच्यावर विंडोज 11 चढत नाही, आणि विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. म्हणून गावातल्या एका पोराने त्यावर लिनक्स टाकलं. फुकट, हलकं, झकास. फक्त शेजारी ठेवलेला स्कॅनर काही केल्या चालेना.

मी तिथे वनहक्कांवर लिहायला गेले होते. याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा)ला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी एक म्हणून. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला 2012 मध्ये मिळाला. त्या यशोगाथा आपण वाचतो. माझ्या गावाचा दावा मात्र उपविभागीय समितीने पुराव्याअभावी फेटाळला होता. जिल्हा समितीकडे जायला कायद्याने 60 दिवस मिळतात. त्यातले 22 उलटून गेले होते.

आणि पुरावा तर टेबलावर होता! निस्तार पत्रक. गावाने सरपण कुठून आणायचं, गुरं कुठे चारायची, बांबू कुठून घ्यायचा, याची जुन्या मध्य प्रांताच्या काळापासून चालत आलेली नोंद. जाडजूड शिवलेल्या रजिस्टरमध्ये, फिक्या शाईत, सोबत निळ्या पेन्सिलने आखलेला नकाशा. झेरॉक्समध्ये ती निळी रेघ गायबच होत होती. बहुतेक दाव्याबरोबर गेलेल्या प्रतीतही तेच झालं असावं.

तुम्ही म्हणाल, फोनने फोटो काढा ना. मीही काढला. पण फोटोत नकाशा किंचित तिरका होतो, कडेला ताणला जातो, आणि मग त्यावर पट्टी ठेवून अंतर मोजता येत नाही. काचेवरच्या स्कॅनमध्ये इंच तो इंचच राहतो. शिवाय हा स्कॅनर जुन्या सीसीडी पद्धतीचा, आत आरसे आणि लेन्स असलेला. हल्लीचे बरेचसे चपटे स्कॅनर कागद काचेपासून जरा उचलला की आंधळे होतात. जाड रजिस्टरची शिवणीजवळची अक्षरं त्यांना दिसत नाहीत, याला दिसतात. म्हणजे भंगारात काढण्यासारखं दिसणारं हे धूडच या कामाला लायक होतं.

लिनक्सवर स्कॅनर चालवणारी यंत्रणा म्हणजे सेन. 1996 पासून जगभरचे लोक ती बहुतांशी हौसेने सांभाळताहेत. नव्या मशिनांना ड्रायव्हर लागतच नाही, जोडलं की चालू. आमचं मशीन त्या जमान्याच्या आधीचं. 'स्कॅनइमेज' हा आदेश दिला तर यादीत नाव दिसायचं, पण स्कॅन म्हटलं की एरर. मी एरर नीट वाचली. (ऑफिसात आपण ती खिडकी न वाचताच बंद करतो, नाही का?) तिथे साफ लिहिलं होतं, फर्मवेअरची अमुक नावाची फाइल सापडत नाही.

फंडा असा. या जीटी-68 जातीच्या चिपला स्वतःची स्मृतीच नसते. वीज गेली की स्कॅनर आपण कोण तेच विसरतो. दर वेळी कॉम्प्युटरने त्याला एक छोटीशी फाइल पढवायची, मग तो कामाला लागतो. ती फाइल कंपनीच्या मालकीची, त्यामुळे लिनक्सवाले ती सोबत वाटू शकत नाहीत. म्हणजे पैसे मोजून घेतलेल्या मशीनची अक्कल दुसऱ्याच्या नावावर. जंगलात पिढ्यान्पिढ्या राहून सातबारा मात्र वनखात्याचा, त्यातलाच प्रकार.

"सीडी आहे का याची?" मी विचारलं.

"हाये ना ताई. पण ते विंडोजची हाये. काय कामाची?"

तीच कामाची होती. कपाटातून, मोहफुलांच्या हिशोबाच्या वहीखालून ती निघाली. ओरखडे होते, पण वाचली. आतली एक कॅब फाइल उलगडली, हवी ती फाइल उचलली आणि सेनच्या फोल्डरात ठेवली. मोटार घरघरली. पांढरा दिवा काचेखालून सरकला. पोरगा उभाच राहिला.

पुढचं काम कंटाळवाणं. तीनशे डीपीआय, रंगीत, कारण निळी रेघ हवी. रजिस्टरचं पान फूलस्कॅप, काच ए-फोरची, म्हणून प्रत्येक पान दोनदा स्कॅन करून जोडायचं. मराठी अक्षरं ओळखणारं टेसरॅक्टही लावून पाहिलं. छापील मराठी ते बऱ्यापैकी वाचतं, पण हाताच्या अक्षरांचं त्याने जे काही केलं त्याला तोड नाही! मग गावातले एक आजोबा खुर्ची ओढून बसले आणि पडद्यावर बघत नाल्यांची, डोंगरांची नावं सांगू लागले. पोरगा टाइप करत गेला. वीज दोनदा गेली. दोन्ही वेळा स्कॅनर सगळं विसरला आणि दोन्ही वेळा ती फाइल वाचून पुन्हा शुद्धीवर आला.

संध्याकाळपर्यंत नकाशा आणि 31 पानं झाली. निळी रेघ स्पष्ट दिसत होती. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक डीव्हीडीवर. सीडीवरची ती फाइल दोन्हीकडे वेगळी ठेवली. मूळ रजिस्टर कापडात बांधून पुन्हा कपाटात गेलं, आणि या वेळी सीडीही त्याच कापडात. अर्ज घेऊन दोघं जण सोमवारच्या पहिल्या एसटीने गडचिरोलीला जाणार होते.