माले पानी दे ना, दादा

यंदा मे महिन्यात नातू जळगावहून माझ्याकडे धुळ्याला आला, तो एक नवाच खेळ घेऊन. नवा म्हणजे मला नवा. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी काढला. मी नोकरीला लागले त्याच सुमाराचा की हा!

"आजी, मला चार जण गोळा करून दे," एवढंच त्याचं म्हणणं. पण गॅदरिंग बसवणं सोपं, हे अवघड! एकाचा क्लास, एकाचं क्रिकेट. शेवटी दुपारी तीनची वेळ ठरली. कूलर, पन्हं आणि चटई ही माझी जबाबदारी. शेजारच्या दोघी बहिणी, वरच्या मजल्यावरचा मुलगा आणि दूधवाल्या दादांचा मुलगा असे चौघे जमले.

या खेळात जिंकणं-हरणं नाही. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात आणि "आता मी काय करतो" ते बोलून सांगतात. बळ, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण आणि समोरच्याला जिंकून घ्यायची हातोटी असे सहा गुण प्रत्येकाच्या कागदावर आकड्यांत मांडलेले. जमेल की नाही अशी शंका असली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. फासे साहेब जळगावलाच विसरून आलेले. मग मी १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या करून स्टीलच्या डब्यात घातल्या. काढलेली चिठ्ठी परत आत टाकून डबा हलवायचा. काम भागलं.

ड्रॅगन कुठला आणायचा? मी म्हटलं, आपला लळिंगचा किल्ला घे. खानदेशात फारुकी राजांचा अंमल होता तेव्हाची गोष्ट कर.

तासभर तिघंच बोलत होते. दूधवाल्यांचा मुलगा कागदाची घडी घालत बसलेला. किल्ल्याच्या दारात पहारेकऱ्याने अडवलं. तिघांनी नाटकातल्यासारखी भाषणं केली, चिठ्ठ्या काढल्या, दार काही उघडेना. तेव्हा हा हळूच म्हणाला, "दादा, माले पानी दे ना."

नातू गोंधळला. मग हसून म्हणाला, "काढ चिठ्ठी." सतरा! दार उघडलं. त्यानंतर तो पोरगा अहिराणीत असा काही बोलत सुटला, की बाकीचे त्याच्याच तोंडाकडे बघत राहिले.

मी मात्र स्वयंपाकघरात निघून गेले. एक जुनी गोष्ट आठवली. पाचवीच्या वर्गात एका मुलीने विचारलं होतं, "बाई, पानी पेवाले जाऊ का?" मी म्हटलं, "शुद्ध बोल, मग जा." ती उभीच राहिली. तास संपेपर्यंत. पुढे वर्षभर तिने मला काहीही विचारलं नाही. मला वाटलं, पोरगी सुधारली! बी.ए. मराठी झालेली मी. भाषा शिकवत होते की पोरांची तोंडं बंद करत होते?

ती आता कुठे असते, ठाऊक नाही. भेटली तर माफी मागायची आहे.

असो. संध्याकाळी जाताना तो मुलगा दारात थांबला. "बाई, सकाय शे का खेळ?"

उद्या आहे का, असं विचारत होता. मी म्हटलं, "शे."