गुडघा वाजतो तेव्हा

आईचे दोन्ही गुडघे बदलले तेव्हा डॉक्टरांनी व्यायाम शिकवले, जिना चढताना कोणता पाय आधी टाकायचा तेही सांगितलं. विमानतळाबद्दल कोणी बोललं नाही. नवे सांधे कोबाल्ट-क्रोमियमचे. तपासणीच्या चौकटीतून आई पलीकडे गेली रे गेली की यंत्र केकाटतं.

मग तिला पडद्याआड नेतात. बायकांची झडती आडोशाला व्हावी हे योग्यच. मी इकडे दोघांचे ट्रे सांभाळत उभा: तिची पर्स, माझा पट्टा, दोघांचे मोबाइल, गोळ्यांचा डबा. मागचे लोक पुढे सरकायला सांगतात आणि आतून आईचं हिंदी ऐकू येतं, "दोनों बदले हैं बेटा, दोनों."

एखादी पोलीस मुलगी हातातलं यंत्र साडीवरूनच फिरवते, "ठीक है माँजी" म्हणते आणि सोडते. दुसरीला व्रण बघायचा असतो. साडी गुडघ्यावर घ्यायची, तीही आधाराशिवाय उभं राहून. एकदा आई बाहेर आली ती निऱ्या हातात धरूनच. काही बोलली नाही, विमानात चहासुद्धा नको म्हणाली. डॉक्टरांची चिठ्ठी आम्ही जवळ ठेवतो. तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. चिठ्ठी कोणीही छापून आणेल, हा त्यांचा मुद्दा मला पटतो.

तपासणीबद्दल माझी तक्रार नाही. डिसेंबर 1999 मध्ये काठमांडूहून निघालेलं विमान अपहरण करून कंदाहारला नेलं, त्यानंतर विमानतळांचा पहारा राज्यांच्या पोलिसांकडून केंद्रीय दलाकडे गेला. ते गरजेचंच होतं. पण त्याच गुडघ्याला एकीकडे दोन मिनिटं आणि दुसरीकडे वीस, हे कसं? 2021 मध्ये अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी कृत्रिम पाय दर वेळी काढायला लावतात म्हणून जाहीर तक्रार केली, तेव्हा माफी मागितली गेली. ज्यांचं नाव कोणाला ठाऊक नाही त्यांनी काय करायचं? सांधे बदललेल्यांची तपासणी कशी होणार, हे रांगेच्या तोंडाशी मराठी-हिंदीत लिहून लावा, एवढंच मागणं आहे. खुर्ची आत न्यायला परवानगी द्या.

तोवर, घरात असे गुडघे असतील तर चौकट वाजायच्या आधीच सांगा, प्रवासाला साडीऐवजी सैल सलवार घालायला लावा आणि घरून तासभर आधी निघा.