बिल्ड नेमका कुठे अडतोय?

ऑफिसने रात्रीतून सगळ्यांच्या लॅपटॉपवर सिस्टिम अपडेट टाकलं आणि सकाळपासून माझ्या शेजारच्या सहकारीचं काम रडतखडत सुरू झालं. अँड्रॉइड स्टुडिओत टाइप केलेलं अक्षर पडद्यावर उमटायला क्षणभर वेळ लागायचा. एका ओळीत बदल करून ॲप चालवून बघायचं म्हटलं, तर चहा पिऊन परत आलं तरी बिल्ड चालूच. “ताई, कालपर्यंत याच मशीनवर झरझर व्हायचं हो,” ती म्हणाली. प्रोजेक्ट तोच, कोड तोच, लॅपटॉप तोच.

अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. एकाने सांगितलं, स्टुडिओ काढून पुन्हा टाक. दुसरा म्हणाला, स्टुडिओची मेमरी वाढव. तिसऱ्याने थेट फॉरमॅटचाच मार्ग दाखवला. मशीन कशात अडकलंय, हे मात्र कोणी बघितलं नव्हतं. इतकी वर्षं हे काम करताना माझं एक मत पक्कं झालंय: आधी मोजावं, मग हात लावावा. तिलाही ते पटलं.

पहिला दिवस तिने जाऊ दिला, आणि ते योग्यच होतं. मोठ्या अपडेटनंतर सिस्टिम पुष्कळदा फायलींच्या शोधाचं इंडेक्सिंग नव्याने करते, आणि त्यात डिस्क गुंतून पडते. लॅपटॉप चार्जिंगला लावून रात्रभर चालू ठेवला, की अनेकांचा प्रश्न आपोआप मिटतो.

तिचा मिटला नाही.

मग खरी तपासणी सुरू झाली. अँड्रॉइडचा बिल्ड ग्रेडल करतं. त्याला ‘प्रोफाइल’ हा पर्याय देऊन बिल्ड चालवला, की कोणत्या टास्कला किती वेळ लागला याचा अहवाल तयार होतो. तिने तो उघडला. एखादं टास्क अडलेलं असेल अशी तिची अपेक्षा होती, पण सगळीच टास्क थोडीथोडी लांबली होती. म्हणजे खोट एखाद्या प्लगइनमध्ये नव्हती, ती या सगळ्यांच्या खाली कुठेतरी होती. पुढे तिने ‘ऑफलाइन’ पर्याय वापरला. त्यात ग्रेडल लायब्ररींसाठी नेटवर जात नाही. तरी वेळ तेवढाच. नेटवर्क सुटलं.

नेटची ही शंका काढणं फाजील नव्हतं. १२ नोव्हेंबर २०२० रोजी ॲपलने मॅकची बिग सर ही आवृत्ती खुली केली, त्याच दिवशी कितीतरी मॅकवर ॲप उघडेनाशी झाली. अपडेट न केलेल्यांनाही त्रास झाला. ॲप सुरू होताना मॅक त्याचं प्रमाणपत्र रद्द तर झालेलं नाही ना, हे ॲपलच्या सर्व्हरला विचारतो, आणि त्या दिवशी तो सर्व्हरच धिमा पडला होता. नेट पूर्ण बंद केलं की तीच ॲप लगेच उघडत. सर्व्हरशी संपर्कच होत नसेल तर मॅक अडून बसत नाही, उत्तराची वाट बघत राहिला की मात्र अडतो.

तिच्या लॅपटॉपवर उलगडा झाला तो चालू प्रोसेसच्या यादीत. ग्रेडल जावावर चालतं, म्हणून बिल्ड सुरू असताना खरं तर जावाने प्रोसेसरला पिळून काढायला हवं. इथे जावा खाली होता आणि यादीत सगळ्यात वर होता अँटिव्हायरस. खात्रीसाठी तिने एक मोठी फाइल कॉपी करून पाहिली, पटकन झाली. मग तेवढ्याच आकाराचं, हजारो बारीक फायलींचं फोल्डर कॉपी केलं. ते रेंगाळत राहिलं. टोलनाक्यावर एक मोठा ट्रक चटकन सुटतो, पण तोच माल शंभर टेम्पोंत भरला तर शंभर वेळा थांबावं लागतं. बिल्ड म्हणजे असेच हजारो टेम्पो: बारीक फायली तयार होतात, उघडतात, पुसल्या जातात, आणि दर वेळी स्कॅन मध्ये येतो. पूर्वी प्रोजेक्टची काही फोल्डरं स्कॅनमधून वगळलेली होती. अपडेटमध्ये ती यादी कोरी झाली होती.

मेमरी वाढवायचा सल्ला इथे कामाचा नव्हता, उलट बाधला असता. स्टुडिओ आणि ग्रेडल या दोन वेगळ्या जावा प्रोसेस असतात आणि दोघांना आपापली मेमरी लागते. आठ जीबीच्या मशीनवर स्टुडिओचा वाटा फुगवला, तर ग्रेडल उपाशी राहतं.

कधीकधी दोष खुद्द सिस्टिममध्येच असतो, हेही खरं. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आलं, तेव्हा एएमडीच्या रायझन प्रोसेसरवर एल-३ कॅशला वेळ जास्त लागत होता. दोन्ही कंपन्यांनी ते मान्य केलं आणि त्याच महिन्यात दुरुस्ती दिली. २०१८ मध्ये मेल्टडाऊन या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटीवरच्या उपायाने तर कर्नलकडे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याकडे, होणारी प्रत्येक खेप महाग झाली. नुसती आकडेमोड करणाऱ्या प्रोग्रॅमना त्याची फारशी झळ लागली नाही. सतत कर्नलचं दार ठोठावणाऱ्यांना लागली.

आमच्या सहकारीने सुरक्षा विभागाला मेल लिहिली. त्यात प्रोफाइलचा अहवाल होता, प्रोसेसच्या यादीचा स्क्रीनशॉट होता, आणि नेमकी कोणती फोल्डरं वगळावीत हेही होतं: प्रोजेक्ट, ग्रेडलची कॅश आणि अँड्रॉइडचा एसडीके. स्टुडिओच्या अधिकृत माहितीतही याच फोल्डरांचा उल्लेख आहे. विभागाने ग्रेडलच्या कॅशबद्दल शंका घेतली, कारण तिथे बाहेरून उतरवलेला कोड येऊन पडतो. शंका रास्त होती. शेवटी ती कॅश रोज रात्री स्वतंत्रपणे स्कॅन करायची, या अटीवर परवानगी मिळाली. बिल्ड पूर्वीच्या वेगावर आला, टायपिंगही सुधारलं.

हाच पेच सोडवायला मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये विंडोज ११ साठी डेव्ह ड्राइव्ह आणला. किमान ५० जीबीचा हा वेगळा ड्राइव्ह असतो. त्यावरची फाइल आधी उघडू दिली जाते आणि विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर तिची तपासणी मागाहून करतो. संरक्षण राहतं, खोळंबा कमी होतो. हा तोडगा मला अँटिव्हायरस बंद करण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचा वाटतो.

पुढच्या अपडेटची सूचना आली, की ‘इन्स्टॉल’ दाबण्याआधी एक क्लीन बिल्ड लावा, लागलेला वेळ लिहून ठेवा आणि स्कॅनमधून वगळलेल्या फोल्डरांच्या यादीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.