सहा आकड्यांची वही

आमच्या वाडीगोद्रीत कुरडई विकत घेणारं घर शोधून सापडायचं नाही. उन्हाळा लागला की ज्याच्या त्याच्या माळवदावर वाळवण पसरलेलं. म्हणून सूनबाईने बचतगटाचं कर्ज काढून मोबाईलवर कुरडया, शेवया आणि बाजरीच्या खारोड्यांचं दुकान मांडलं, तेव्हा मी तिला म्हटलं, “अगं, वाळवण का कुणी विकत घेतं?”

पहिल्या उन्हाळ्यात तिने साऱ्या देशभर जाहिरात केली. मागण्याही आल्या. पण व्यवहार ‘पार्सल मिळाल्यावर पैसे’ असा. कुणाच्या दाराला कुलूप, कुणी पार्सल घेतलंच नाही. खोकी परत आली, ती कुरडयांचा चुरा घेऊन. जाण्याचा खर्च आपला, येण्याचाही आपलाच. कर्जाचा हप्ता तोंडावर आला आणि पोरीचा चेहरा उतरला.

एका रात्री तिने माझी दुधाच्या हिशेबाची जुनी वही घेतली. म्हणाली, “आत्याबाई, गिऱ्हाईक कुठं राहतं ते आधी बघू.” प्रत्येक पार्सलचा पिनकोड ती लिहू लागली. पोचलेलं एका पानावर, परत आलेलं दुसऱ्या पानावर.

वाचकहो, पत्त्याखालच्या या सहा आकड्यांकडे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती बसवली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी, आपलाच मराठी माणूस. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, महाराष्ट्राचा चार. पहिले तीन मिळून टपाल छाटणीचा जिल्हा कळतो आणि शेवटचे तीन वाटप करणारं पोस्ट सांगतात.

वही भरली तसं चित्र उघडं पडलं. आपल्याकडचा ४३१, जिथे टपालखर्च सर्वांत कमी, तिथून मागणी जवळजवळ नाहीच. घरोघरी वाळवण असल्यावर कोण मागवणार? लांबच्या राज्यांतली बरीच पार्सलं परत आलेली. भरवशाची मागणी होती ती ४११ आणि ४१२ची, म्हणजे पुण्याची आणि आसपासची. आपल्याच भागातली नोकरीला नि शिकायला गेलेली पोरं ती! आईच्या हातची चव त्यांना तिथे कुठून मिळणार?

पण आकडा ‘कुठे’ एवढंच सांगतो, ‘का’ ते विचारावं लागतं. पुण्याचीही काही पार्सलं परत आली होती. सूनबाईने फोन करून विचारलं. कळलं, दिवसभर सगळे कामावर, घरी कुणी नसतं. मग तिने जाहिरात पुण्यापुरती ठेवली. साऱ्या पार्सलांचं एकच मोठं खोकं करून भाच्याकडे पाठवायला लागली. तो रविवारी घरोघर पोचवतो. चुरा थांबला, खर्च उतरला, आणि हप्ता चुकला नाही.

त्याआधीची एक गोष्ट मात्र सांगायला हवी. हप्त्याला चारच दिवस राहिले असताना एक ओळखीचा माणूस आला. गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, फोन नंबर दे, रोख पैसे देतो म्हणाला. रक्कम हप्त्याहून जास्त होती. खरं सांगते, माझं मन डळमळलं. सूनबाई म्हणाली, “आत्याबाई, त्यांनी पत्ता कुरडई पोचवायला दिलाय, विकायला नाही.” मी गप्प झाले. लेकीच्या सासरचा पत्ता आपण वाटेवरच्या माणसाला देतो का?

लोकांची अशी माहिती त्यांच्या संमतीशिवाय वापरू नये, असा कायदाही संसदेने २०२३ साली केला आहे. आता तर टपाल खात्याने २०२५ साली डिजिपिन आणला. सारा देश सुमारे चार मीटर लांब-रुंद चौकोनांत मांडून प्रत्येकाला दहा अक्षर-आकड्यांची खूण दिली आहे. पिनकोड पोस्टापर्यंत नेतो, हा थेट उंबऱ्यापर्यंत. शेतातल्या वस्तीला त्याचा मोठा उपयोग होईल. पण खूण जितकी नेमकी, तितकी ती जपण्याची जबाबदारीही मोठी.

तुमच्यापैकी कुणी असा धंदा काढणार असेल, तर जाहिरातीवर पैसा घालण्याआधी दहा रुपयांची वही आणा. तिच्यात पिनकोड, माल आणि तारीख एवढंच लिहा. धंदा कुठे वाढवायचा हे कळायला तेवढं पुरतं. माणसांचे पत्ते मात्र, हिशेबाला लागतील तेवढेच आणि घरातच ठेवा.