हात न लावता ओळखायचं!

मैत्रिणींनो, घडीच्या पोळीला पदर असतात ना, तसे टँटॅलम डायसल्फाइडलाही असतात. अगदी अणूंएवढे पातळ. त्याचा एक प्रकार उणे ९३ अंशांच्या आसपास थंड केला की आतले इलेक्ट्रॉन जागीच अडकतात आणि वीज वाहून नेणारा पदार्थ ती अडवू लागतो. अणूंची थरथरही बदलते. हे कळायचं कसं? लेसरचा झोत टाकायचा नि विखुरलेल्या प्रकाशाचा रंग किती बदलला ते मोजायचं. असा रंग बदलतो हे सर सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली दाखवलं. वाशिमहून पुण्याला गेलेली माझी लेक हेच शिकतेय. ‘पुरे आता, लग्नाचं बघा,’ म्हणतात सगळे. मी म्हणते, शिकू द्या. आतला बदल हात न लावता ओळखणं सोपं का आहे?