दुसरी किल्ली

स्मरणिका समितीचे पत्र आम्हांस गेल्या पावसाळ्यात मिळाले. वसतिगृहातील दिवसांवर एखादी कथा लिहून द्यावी आणि ती दिवाळीपूर्वी पोहोचेल अशी पाठवावी, अशी विनंती त्यात होती. आम्ही परतटपाली होकार कळविला. छत्तीस वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकविले, अधूनमधून दिवाळी अंकांत आठ-दहा कथाही छापून आल्या. तेव्हा ज्या शाळेने आम्हांस अक्षर दिले तिच्यावर दहा पाने लिहिणे काही अवघड जाणार नाही, अशी आमची समजूत होती. ती कथा समितीच्या हाती पडली तेव्हा मुदत उलटून चार महिने झाले होते. हा विलंब का झाला याचा खुलासा देणे आम्ही समितीला लागतो. समितीने तो लेखरूपानेच मागितला, म्हणून हा प्रपंच.

विषय शोधावा लागला नाही. १९७२ चा दुष्काळ. आम्ही आठवीत होतो. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना मिलो हा शब्द पुरेसा आहे. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगावयाचे तर ती परदेशातून आलेली लाल ज्वारी होती. तिची भाकरी थापताना चिरत असे आणि निवली की वातड होत असे. गावोगावची माणसे पाझर तलावांवर आणि रस्त्यांवर माती वाहत होती, खडी फोडत होती. वसतिगृहात निदान दोन वेळा पंगत बसत होती. प्रत्येकाच्या ताटात दोन भाकऱ्या मोजून पडत. आमच्या वर्गात आष्टी तालुक्यातील एक मुलगा होता. तो दीड भाकरी खाई आणि अर्धी सदऱ्याखाली दडवून पत्र्याच्या पेटीत नेऊन ठेवी. महिन्यातून एका रविवारी त्याची आई येई, तेव्हा ते वाळलेले तुकडे फडक्यात बांधून तिच्या हाती देई. आईने ते घरी भिजवून, कालवून धाकट्यांना घालावेत. कथेत आम्ही त्याचे नाव बदलले आहे. येथे नावच देत नाही.

पहिली चार पाने एका बैठकीत उतरली. पंगत, कंदिलाची काच पुसणे, विहिरीच्या तळाशी गेलेले पाणी, सायंकाळची वंदना, पेटीच्या झाकणाचा करकर आवाज, सारे आपोआप येत गेले. मग आम्ही लिहिले, ‘त्या संध्याकाळी कोणीतरी ही गोष्ट अधीक्षक गुरुजींच्या कानावर घातली.’ पूर्णविराम दिला, आणि लेखणी थांबली.

ती पाच महिने थांबली.

अशा वेळी काय करावे, हे आम्ही हजारो विद्यार्थ्यांना सांगितलेले होते. निबंध सुचत नसेल तर पहिले वाक्य सोडून दुसऱ्यापासून सुरू करा. रोज ठराविक वेळी बसा. लिहिलेले फाडू नका. हे सर्व उपाय आता आम्ही स्वतःवर करून पाहिले. पहाटे चारला उठून बसू लागलो. बॉलपेन सोडून शाईचे पेन आणले, रेघी वही सोडून कोरे कागद घेतले. कथा शेवटाकडून उलटी लिहून पाहिली. एकदा निवेदक बदलला आणि पेटीलाच बोलते केले. दोन पाने झाल्यावर ते नववीच्या परीक्षेतले आत्मवृत्त वाटू लागले, आणि आम्ही त्याला मनातल्या मनात दहापैकी चार गुण देऊन ते बाजूला ठेवले. चहाचे दूध दोनदा उतू गेले. तेव्हा पत्नी म्हणाल्या, “अहो, कागद कोरा राहतो तो राहतो, निदान गॅस तरी बंद करा.”

मग आम्ही लिहिणे सोडून वाचणे धरले. हा आळसाचा सर्वांत प्रतिष्ठित प्रकार आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. अण्णा भाऊ साठे जेमतेम दीड दिवस शाळेत गेले आणि त्यांच्या हातून ‘फकिरा’ लिहून झाली. आम्ही मात्र त्यानंतर पदव्या घेऊन एका वाक्यापुढे अडून बसलो होतो. बेबीताई कांबळे यांनी फलटणला दुकान सांभाळता सांभाळता लिहिले, आणि लिहिलेले घरच्यांच्या नजरेपासून वर्षानुवर्षे लपवून ठेवले. ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने १९८६ साली आले. त्यांना कागद लपवावा लागला, पण कागदावर त्यांनी काही लपविले नाही. दया पवारांनी ‘बलुतं’ मध्ये स्वतःचे दोन माणसे केली, दगडू मारुती पवार आणि दया पवार. एकाने सांगावे आणि दुसऱ्याने ऐकावे. १९७८ साली ते पुस्तक आले तेव्हा ही युक्ती केवळ रचनेसाठी असेल असे आम्हांस वाटले होते. या खेपेस वाचताना कळले की काही गोष्टी एकट्या माणसाच्या तोंडून निघतच नाहीत. बाबूराव बागुलांच्या १९६३ च्या संग्रहाचे नाव तर आम्ही शेकडो वेळा उच्चारले असेल: ‘जेव्हा मी जात चोरली होती’. त्या नावातच ‘मी’ आहे, आणि ‘चोरली’ हे क्रियापदही. आमच्या कथेत मात्र ‘कोणीतरी’ होते. हे तेव्हा ध्यानी आले असे म्हटले तर ते खोटे होईल. मनात काहीतरी खटकले, आणि आम्ही पुस्तक मिटून फिरावयास गेलो.

गाठ सुटली ती वाङ्मयाने सुटली नाही. कुलपाने सुटली.

फेब्रुवारीत एके दिवशी कथा लिहिण्याचा नाद सोडून आम्ही नुसती यादी करावयास बसलो: त्या पेटीत काय काय होते? दोन सदरे, एक चड्डी, भूमितीची पेटी (कंपास मोडका), बाबासाहेबांचे कॅलेंडरातून कापलेले चित्र झाकणाच्या आतून चिकटविलेले, साबणाची वडी, चिमणीच्या तेलाची रिकामी बाटली, आणि फडके. पेटीला बाहेरून कुलूप. किल्ली त्याच्या करदोट्याला. येथे आमच्यातला मास्तर जागा झाला. किल्ली जर त्याच्या करदोट्याला होती आणि तो त्या वेळी विहिरीवर पाणी शेंदत होता, तर गुरुजींनी पेटी उघडली कशी? कुलूप फोडलेले नव्हते. नंतर तेच कुलूप लावून तो पेटी घेऊन गेला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले होते. एखाद्या विद्यार्थ्याच्या कथेत अशी चूक सापडली असती तर आम्ही समासात लाल शाईने प्रश्नचिन्ह काढले असते.

कुलपाबरोबर दोन किल्ल्या येतात. दुसरी त्याने आमच्याकडे दिलेली होती. हरवली तर असावी म्हणून. ती आमच्या करदोट्याला होती.

आम्ही ती विसरलो नव्हतो. पन्नासहून अधिक वर्षांत एकही दुष्काळ असा गेला नाही की ती आठवली नाही. पण तिला आम्ही कथेपासून दूर ठेवले होते, आणि कथा तिच्यावाचून एक पाऊलही हलावयास तयार नव्हती. सुचत नाही, सुचत नाही म्हणून आम्ही पाच महिने घरभर सांगत होतो. खरे तर पुढचे वाक्य पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

घडले ते असे. त्या आठवड्यात पंगतीत वाढण्याची पाळी आमची होती. स्वयंपाकाच्या मावशींनी तक्रार केली की टोपलीतून रोज चार-पाच भाकऱ्या कमी भरतात. गुरुजींनी साहजिकच वाढप्यास बोलावले. गुरुजी मारणारे नव्हते, आवाजही चढवीत नसत, त्यांनी एवढेच विचारले, “बाळ, तुला काही माहीत आहे का?” आम्ही भाकरी घेतली नव्हती. तसे सांगितले असते तर त्यांनी विश्वास ठेवला असता, असे आज वाटते. पण आम्ही भ्यालो, आणि करदोट्याची किल्ली सोडून त्यांच्या हातात ठेवली. कोणाच्या पेटीची, तेही सांगितले. वंदनेला बसून रोज पाच शीले म्हणणारे आम्ही. चौथे शील आम्ही तसे मोडलेही नाही, कारण तोंडातून निघाले ते अक्षरशः खरे होते. पेटीत भाकरी होतीच. ती त्याच्या स्वतःच्या ताटातली होती, हे मात्र आम्ही सांगितले नाही. टोपलीतल्या भाकऱ्या कोठे जात होत्या, ते शेवटपर्यंत कळले नाही.

पेटी उघडली तेव्हा मुले गोळा झाली होती. गुरुजींनी फडके सोडले. तुकडे खापरासारखे वाळले होते, काहींवर मुंग्या होत्या. कोणी हसले. मग सगळे हसले. आम्हीही हसलो. तो विहिरीवरून बादली घेऊन दारात आला तेव्हा हसणे चालूच होते. गुरुजी मात्र हसले नाहीत. त्यांनी फडके होते तसे बांधून आत ठेवले, झाकण लावले, किल्ली स्वतःच्या खिशात घातली आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या ताटात तीन भाकऱ्या वाढावयास सांगितल्या. तिसरीला त्याने हात लावला नाही. रविवारी आई आली. तो पेटी डोक्यावर घेऊन तिच्याबरोबर निघाला. गुरुजी फाट्यापर्यंत त्यांच्यामागे चालत गेले आणि एकटेच परत आले. पुढे आठवडाभर पंगतीत त्याचे ताट मांडले जात होते.

ही पाने एका रात्रीत झाली. ‘कोणीतरी’ खोडून तेथे ‘मी’ लिहिले, आणि पुढची वाक्ये वाट पाहत उभी असल्यासारखी आली. सकाळी पत्नींनी ती वाचली, काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, “तो माणूस हयात आहे का?” या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

आमचा एक जुना विद्यार्थी त्या भागात ग्रामसेवक आहे. त्याने चार दिवसांत पत्ता काढून दिला. आम्ही एस.टी.ने गेलो. पाझर तलावाच्या कामावरून तो पुढे ऊसतोडीला लागला होता. लग्न झाल्यावर नवराबायको कोयता म्हणून चाळीसेक हंगाम मुकादमाच्या उचलीवर पश्चिम महाराष्ट्रात गेलेली. आता कंबर गेली म्हणून घरीच असतो. एका डोळ्याच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचे व्हावयाचे आहे. आम्ही नाव सांगितले तेव्हा तो म्हणाला, “बस. इतक्या उशिरा आलास होय.” हे स्वागत होते की आणखी काही, आम्हांस अजून ठरविता आलेले नाही. चहा झाल्यावर आम्ही पिशवीतून कागद काढले आणि कथा वाचून दाखविली. त्याने तीनदा थांबविले.

पहिल्यांदा म्हणाला, “कुलूप पितळी नव्हतं. लोखंडी.” आम्ही दुरुस्ती केली.

दुसऱ्यांदा किल्लीपाशी. आम्हांस वाटले, आता तो उठून जाईल. तो म्हणाला, “हे मला त्याच सांजेला कळलं होतं. कुलूप काही फुटलं नव्हतं. दुसरी किल्ली तुझ्याकडंच तर होती.” पन्नास वर्षे आम्ही जे त्याच्यापासून लपविले असे समजत होतो, ते समजावयास त्याला क्षणभरही लागला नव्हता. इतका साधा विचार आमच्या मनात कधी आला नव्हता.

तिसऱ्यांदा शेवटापाशी. आमच्या कथेच्या शेवटी तो फाट्यावर वळून पाहतो आणि आमच्याकडे हात करून “जाऊ दे” म्हणतो. त्याने विचारले, “असं मी म्हटलो होतो का?”

“नाही.”

“मग काढ.”

आम्ही तेथेच, त्याच्यासमोर, त्या सहा ओळी खोडल्या. कथा आता रिकाम्या ताटापाशी थांबते. याच अंकात ती छापली आहे. शेवट अपुरा वाटला तर वाचकांनी तो तसाच वाचावा.

निघताना त्याने विचारले, “पुस्तकात माझं नाव येणार का?” आम्ही सांगितले की कथेतले नाव बदललेले आहे, कोणास ओळखू येणार नाही. तो म्हणाला, “गोष्टीतलं नाही. शाळेतलं.”

माजी विद्यार्थ्यांच्या यादीत शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांचीच नावे घेतली जात होती. आमची तुकडी १९७५ ची. तो तिच्यात कोठेच नव्हता. आम्ही समितीस लिहिले. समितीने कार्यालयातून जनरल रजिस्टर काढविले. त्याची नोंद होती. शाळा सोडल्याच्या कारणाच्या रकान्यात ‘सतत गैरहजर’ असे दोन शब्द होते. त्याच पानावर आणि पुढच्या पानांवर, १९७२-७३ या वर्षापुढे, तोच शेरा असलेली आणखीही नावे निघाली. समितीने ती सर्व नावे आपापल्या तुकडीखाली घेतली आहेत. त्यांतील कोणाचा सध्याचा पत्ता वाचकांस ठाऊक असल्यास त्यांनी तो समितीस कळवावा. त्यांच्यासाठी अंकाच्या प्रती राखून ठेवल्या आहेत.