पोरगं आधी कुणी बघितलं?

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवरचा फुटबॉलचा सामना संपला की निकालावरची चर्चा फार वेळ टिकत नाही. पाटाकडील तालमीने खंडोबा तालमीला हरवलं की खंडोबाने पाटाकडीलला, हे गॅलरी उतरेपर्यंत बोलून होतं. चहाच्या गाड्यावर पोचल्यावर खरा विषय निघतो. शेवटच्या वीस मिनिटांसाठी मैदानात आलेलं ते डावखुरं पोरगं कोण? कुठल्या गल्लीतलं? मग दावे सुरू होतात. एकाने त्याला शाळेच्या स्पर्धेत बघितलेलं असतं, दुसऱ्याने त्याच्याही आधी गांधी मैदानावर अनवाणी खेळताना. तिसरा सगळ्यांत वडीलधारा. तो घोट संपवतो आणि म्हणतो, "ह्येच्या चुलत्याला बघायला पायजे हुतास तू." वाद तिथेच मिटतो, कारण चुलत्याला खेळताना बघितलेलं दुसरं कुणी तिथे नसतं.

अशा गप्पांमध्ये माझं बरंचसं आयुष्य गेलं आणि त्याची मला अजिबात खंत नाही. फुटबॉलच्या शौकिनाला गोलाइतकाच आनंद कशात होत असेल तर तो 'मी आधी बघितलं होतं' म्हणण्यात. मोठ्या क्लबांमध्ये या कामाचा पगार मिळतो. आमच्या पेठांत ते फुकट चालतं, आणि मला वाटतं, निदान पहिल्या टप्प्यापुरतं तरी ते चोख चालतं.

कट्ट्यावरच्या जाणत्यांची नजर कशावर असते हे मी ऐकत आलो आहे. गोल किती केले हे ते शेवटी विचारतात. बॉल पायाशी येण्याआधी पोरगं मान वळवून मागे बघतं का? पहिल्या स्पर्शात बॉल पायात मरतो की दोन हात लांब उडतो? चूक झाल्यावर ते सोबत्यावर ओरडतं की परत धावत मागे येतं? पाऊस पडून मैदान जड झाल्यावर किती वेळ टिकतं? युरोपातल्या अकादम्यांत हेच प्रश्न छापील तक्त्यावर असतात. अॅमस्टरडॅमच्या आयॅक्स क्लबाने तंत्र, खेळाची जाण, स्वभाव आणि वेग अशा चार कसोट्या ठरवल्या होत्या. आमच्या गाड्यावर यातली एकही अनोळखी वाटली नसती.

पण या नजरेला एक गोष्ट दिसत नाही, आणि ती युरोपातल्या पगारी नजरेलाही दिसत नाही. चौदा वर्षांखालच्या संघात जानेवारीत जन्मलेलं पोरगं आणि डिसेंबरात जन्मलेलं पोरगं एकाच वयाचं धरलं जातं. त्या वयात अकरा महिन्यांचा फरक म्हणजे खांद्याचा, मांडीचा आणि दमसासाचा फरक. जगभरच्या कुमार संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेली मुलं जास्त निवडली जातात, हे अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा दाखवलं आहे. आपल्याकडे त्यात खोट्या जन्मदाखल्यांची भर. चौदाव्या वर्षी दाढी फुटलेल्या स्ट्रायकरला 'काय ताकद आहे' म्हणून टाळ्या पडतात आणि कडेला लुकडं पोरगं बूट काढत बसलेलं असतं.

जॉर्ज बेस्ट असाच लुकडा होता. बेलफास्टमधल्या घराजवळच्या ग्लेंटोरन क्लबाने अंगकाठी पाहून त्याला नाकारलं. मँचेस्टर युनायटेडसाठी मुलं हेरणाऱ्या बॉब बिशपने मात्र १९६१ मध्ये व्यवस्थापक मॅट बझबी यांना तार करून कळवलं की असामान्य पोरगं सापडलं आहे. पंधरा वर्षांचा बेस्ट मँचेस्टरला गेला आणि घरच्या ओढीने लगेच परतही आला. त्याला समजावून पुन्हा नेलं गेलं. या गोष्टीत सगळे तारेचंच कौतुक करतात. मला ते समजावून पुन्हा नेणं जास्त मोलाचं वाटतं. जेमी वार्डीला असं कुणी भेटलं नाही. शेफील्ड वेन्सडेने सोळाव्या वर्षी त्याला सोडून दिलं. मग तो कारखान्यात काम करत खालच्या लीगमध्ये खेळत राहिला. २०१२ मध्ये लेस्टरने त्याला घेतलं आणि २०१६ मध्ये तो प्रीमियर लीगचा विजेता झाला. इंग्लंडमध्ये खालून वर जायला पायऱ्या तरी आहेत, आठव्या पायरीवर पडलेला माणूसही पुन्हा चढू शकतो.

आमच्याकडे दुसऱ्या पायरीपाशीच जिना तुटतो. अनिकेत जाधवचं उदाहरण घ्या. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला आणि आमचं कोल्हापूरचं पोरगं भारताच्या २१ जणांत होतं. दिल्लीत भारत अमेरिका, कोलंबिया आणि घाना या तिन्ही संघांकडून हरला, तरी इथे पेठापेठांत छाती फुगलेली होती. 'मी आधी बघितलं होतं' म्हणणारे तेव्हा इतके निघाले की त्या सगळ्यांना बसवायला स्टेडियम पुरलं नसतं. पण अनिकेतला पुढे नेलं ते बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीने आणि पुणे एफसीच्या अकादमीने. तिथे रोजचा सराव, खाणं, शाळा आणि डॉक्टर या सगळ्याची सोय होती. पेठेने प्रेम दिलं. प्रेमावर गुडघ्याची शस्त्रक्रिया होत नाही.

तो पुणे एफसी आज नाही. २००७ मध्ये निघालेला हा क्लब २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला होता, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच मिटला. राष्ट्रीय लीग जिंकलेला मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० मध्येच बंद झाला होता. मुंबई एफसी दहा वर्षं चालून थांबला. गोव्यात २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही जुने क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. धेंपोने पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली होती, आणि तो पुन्हा आय-लीगमध्ये यायला २०२४ उजाडलं. त्याआधी बँका, मिल, बंदर, विमान कंपन्या असे नोकरी देणारे संघ मुंबईत होते. कूपरेज मैदानावर चांगला खेळलास तर पगारपत्रक मिळेल, एवढा साधा हिशेब तेव्हा एखाद्या बापाला पटायचा. आज एकोणिसाव्या वर्षी पोरगं पेठेच्या संघातून खेळतं, वर्षभर त्याचे फलक लागतात, आणि पुढच्या वर्षी ते कुठल्यातरी दुकानात कामाला लागतं. आम्ही तोवर नव्या पोराकडे वळलेलो असतो.

जुन्या आठवणींविषयी माझं मत थोडं कडवट आहे. 'पूर्वीची मजा राहिली नाही' म्हणणाऱ्यांत मीही असतो, पण त्यातली निम्मी मजा आमच्या स्वतःच्या विशीची होती हे मान्य करायला हवं. त्या काळी टॅकल पायावर व्हायची, मैदानात खडे असायचे आणि दुखापतीवर हळद हाच इलाज होता. तरी उरलेली निम्मी तक्रार खोटी नाही. सेंटर हाफ तुमच्या गल्लीत राहायचा. सकाळी दूध आणायला तो तुमच्याच पुढे उभा असायचा आणि काल पास का चुकला हे त्याला तोंडावर विचारता यायचं. आता संघ बाहेरून खेळाडू आणतात, परदेशीही आणतात. खेळ सुधारला यात शंका नाही. मात्र त्या खर्चाच्या एका हिश्शात पेठेतल्या तेरा वर्षांच्या दहा पोरांना वर्षभर बूट आणि प्रशिक्षक मिळाला असता, हे कुणी बोलत नाही. आणि ईर्षा वाढून हुल्लडबाजी झाली, सामना थांबला, की नुकसान त्या पोरांचंच होतं. त्यांना बघायला बाहेरून कुणी आलाच असेल, तर तोही निघून जातो.

आमची स्मरणशक्ती अफाट आहे आणि वही कोरी आहे. चुलत्याचा खेळ एका माणसाच्या डोक्यात आहे, तो माणूस गेला की खेळही गेला. चुलत्याच्या हातात एखादी धूळ खाल्लेली ढाल उरते, त्यावर फक्त संघाचं नाव असतं. हंगामाच्या सुरुवातीला खेळाडूंची नोंदणी होते, वर्तमानपत्रात कोण कुठल्या संघात गेलं ते छापून येतं. पण त्या कागदावरून पोरगं कसं खेळायचं ते कळत नाही.

यात पैशाचाही भाग आहे. फिफाच्या नियमाप्रमाणे करार संपण्याआधी खेळाडू परदेशातल्या क्लबात गेला, तर त्याच्या हस्तांतरणाच्या रकमेतले ५ टक्के १२ ते २३ या वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांना वाटले जातात. कट्ट्यावरचा दावा फिफाने मान्य केला आहे म्हणा ना! अट एकच, त्या काळातली तुमच्या क्लबाची नोंद हवी. गल्लीत खेळणाऱ्या बारा वर्षांच्या पोराचं नाव बहुतेक वेळा कुठल्याच क्लबाच्या यादीत नसतं.

म्हणून तालमींना आणि मंडळांना माझी विनंती आहे. या हंगामापासून बारा वर्षांवरच्या प्रत्येक पोराची रीतसर नोंदणी करा. खरी जन्मतारीख, उंची, खेळलेले सामने आणि मिनिटं, दुखापती हे सगळं एका वहीत लिहा. वर्षअखेरीच्या महिन्यांत जन्मलेल्या लुकड्या पोरांच्या नावापुढे खूण करा आणि त्यांना आणखी दोन वर्षं सोडू नका. गाड्यावरच्या एका म्हाताऱ्याला त्या वहीसोबत बसवा. जे तो रोज बोलतो, तेच त्याच्याकडून लिहून घ्या.